अनोळखी गिऱ्हाईक आणि बाजारातील पत : मुंबई उपनगरांतील ऑनलाइन व्यापाराचा एक इतिहास (१९९५–२०२३)

प्रस्तावना

मराठी व्यवहारात 'पत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ उधार मिळण्याची योग्यता आणि दुसरा अर्थ लौकिक. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावले आहेत, कारण जुन्या बाजारात ज्याचा शब्द पाळला जाई त्यालाच उधार मिळे, आणि ज्याला उधार मिळे त्याचा शब्द खरा मानला जाई. पत ही व्यक्तीला चिकटलेली असे. व्यापाऱ्याने गाळा बदलला, पेठ बदलली, तरी ती त्याच्यामागून जात असे. पेढी मुलाकडे आली की पत्ही वारशाने येई, आणि बापाने केलेला घोटाळाही तसाच वारशाने येई.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभीच्या मोजक्या शहरांत मुंबईचा समावेश होता. पुढील दशकभरात ज्यांनी एकमेकांना कधीही पाहिलेले नाही अशा विक्रेत्यांत व ग्राहकांत खरेदी-विक्री सुरू झाली. या व्यापारातील ग्राहकसंबंध हा विषय बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने मांडला जातो. ग्राहक कसा मिळवावा, कसा टिकवावा, याची सूत्रे सांगितली जातात. ओळख नसताना पत कशी उभी राहिली, ती कोणाच्या आधारावर टिकली आणि शेवटी ती कोणाच्या मालकीची ठरली, हे प्रश्न मात्र इतिहासाचे आहेत. प्रस्तुत लेखात मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील तीन संस्थांच्या आधारे त्यांचा विचार केला आहे. विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत, मालाडची जस्ट डायल आणि गोरेगावातून चाललेली ईबे इंडिया, म्हणजेच पूर्वाश्रमीची बाझी, या त्या तीन संस्था होत.

वही, ओळख आणि संघ

उपनगरांचा एक भाग १९५० साली आणि त्यापलीकडचा भाग १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. चाळी, सरकारी वसाहती व सहकारी गृहनिर्माण संस्था यांनी ही उपनगरे भरत गेली आणि प्रत्येक वस्तीबरोबर वाण्याचे दुकान आले. घाटकोपर-मुलुंडकडे हा दुकानदार बहुधा कच्छी किंवा गुजराती असे. महिन्याच्या आरंभी सामानाची यादी जाई, माल घरपोच येई, रक्कम उधारीच्या वहीत चढे आणि पगार झाल्यावर हिशेब होई. दुकानदाराला गिऱ्हाइकाचे घर ठाऊक होते, गिऱ्हाइकाला दुकानदाराचा मुलगा कोणत्या शाळेत जातो हे ठाऊक होते. खराब डाळीची बातमी जिन्यावरून आणि सार्वजनिक नळावरून संध्याकाळपर्यंत साऱ्या चाळीत पोहोचे.

या संबंधाचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. ज्याची वहीत बाकी आहे त्याला मापाबद्दल किंवा भेसळीबद्दल मोठ्याने बोलता येत नसे. ओळखीमुळे विश्वास वाढे, पण त्याच ओळखीमुळे तोंडही बंद होई. १९७२-७३ च्या दुष्काळानंतरची टंचाई आणि महागाई यांमुळे ही कोंडी असह्य झाली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय विलेपार्ल्याला ग्राहक भवनात आहे.

पंचायतीच्या वितरणपद्धतीकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ होतो. प्रत्येक कुटुंब छापील यादीवर आपली महिन्याची मागणी नोंदवते. सर्व संघांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी होते, माल संघातील एका घरी उतरतो आणि तेथे सभासद, बहुतांशी गृहिणी, तो वाटून घेतात. या व्यवहारात ग्राहक माल निवडताना तो पाहत नाही. विक्रेता कोण हेही त्याला महत्त्वाचे वाटत नाही. माल वाईट निघाला तर पंचायत तो परत घेईल, एवढेच त्याला पुरते. टपाल खात्याच्या व्ही.पी.पी.नेही उपनगरांतील घरांना न पाहता खरेदी करण्याची सवय लावलेली होती. पैसे पोस्टमनच्या हाती दिल्यावरच पार्सल उघडता येई, तरी पुस्तके व औषधे त्या मार्गाने वर्षानुवर्षे मागवली गेली. संगणक घरात येण्याच्या कितीतरी आधी अनोळखी विक्रेता आणि मधली जबाबदार संस्था ही जोडी उपनगरांच्या परिचयाची होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

मालाडचा टेलिफोन

व्ही. एस. एस. मणी यांनी १९९६ साली सुरू केलेली जस्ट डायल ही कंपनी इंटरनेटच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाला जोडणारा दुवा आहे. आठ हा आकडा सात वेळा फिरवला की पलीकडून विनम्र आवाज येई आणि नळदुरुस्ती करणाऱ्याचा, दंतवैद्याचा किंवा सामान हलवणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक सांगितला जाई. विचारणाऱ्याला पैसे पडत नसत. ते व्यावसायिकाकडून घेतले जात, आणि जास्त शुल्क देणाऱ्याचे नाव यादीत वर राही. २००७ साली कंपनीने संकेतस्थळ सुरू केले आणि ग्राहकांनी दिलेले गुण व अभिप्रायही नावांपुढे दिसू लागले. २०१३ साली तिचे समभाग बाजारात आले, २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने तिच्यावर नियंत्रण मिळवले.

जस्ट डायलमुळे लहान व्यावसायिकाला आपल्या गल्लीबाहेरचे ग्राहक मिळाले, हे तिचे श्रेय आहे. परंतु पलीकडच्या आवाजाने प्रथम सांगितलेले नाव उत्तम कामामुळे प्रथम आले की शुल्कामुळे, हे विचारणाऱ्याला कळण्यास मार्ग नव्हता. शिवाय काम बिघडले तर दाद मागायची ती त्या व्यावसायिकाकडेच. वाण्याच्या दुकानातील पत कमावलेली होती. येथे कमावलेली आणि विकत घेतलेली पत एकाच यादीत, एकाच टंकात येऊन बसली.

बाझी ते ईबे

अवनीश बजाज आणि सुवीर सुजन या हार्वर्डमध्ये शिकलेल्या दोन तरुणांनी २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम सुरू केले. नमुना अमेरिकेतील ईबेचा होता. पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू केलेल्या त्या लिलावबाजारात फेब्रुवारी १९९६ पासून अभिप्रायाची पद्धत आली. व्यवहार संपल्यावर दोन्ही पक्षांनी एकमेकांविषयी चांगला, वाईट किंवा मधला अभिप्राय द्यायचा आणि त्यांची गोळाबेरीज प्रत्येकाच्या नावापुढे सर्वांना दिसायची. चाळीच्या जिन्यावर जे तोंडी होई ते येथे आकड्यात होऊ लागले.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवले होते की, ग्राहकाला चांगला माल आणि वाईट माल यांतील फरक कळत नसेल तर तो सर्वच मालाला कमी भाव देतो, चांगला विक्रेता बाजार सोडून जातो आणि वाईट तेवढे उरतात. जुने भ्रमणध्वनी, कॅमेरे, नाणी व टपाल तिकिटे विकली जाणाऱ्या ऑनलाइन लिलावाला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. अभिप्रायांची संख्या हा त्यावरचा उपाय होता आणि त्याला बाजारमूल्यही होते. पॉल रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुनी चित्रपत्रे ईबेवर दोन प्रकारे विकली गेली : एकदा दीर्घकाळ लौकिक असलेल्या नावाने, एकदा नव्या नावांनी. जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. विक्रेता तोच असूनही केवळ लौकिकाने भाव बदलला.

भारतात एवढ्याने भागत नव्हते. क्रेडिट कार्ड थोड्यांकडे होते आणि ज्यांच्याकडे होते ते त्याचा क्रमांक संगणकावर टंकित करण्यास कचरत. धनादेश किंवा ड्राफ्ट टपालाने अनोळखी माणसाकडे पाठवायचा आणि माल येण्याची वाट पाहायची, यात सारा धोका ग्राहकाचा. माल आधी पाठवला तर सारा धोका विक्रेत्याचा. ही कोंडी 'पैसापे' या व्यवस्थेने फोडली. ग्राहकाने दिलेली रक्कम आधी संकेतस्थळाकडे जमा होई, माल रवाना झाल्यावर ती विक्रेत्याकडे जाई. पुढे ईबे इंडियाने माल न मिळाल्यास वा वेगळाच निघाल्यास परताव्याची हमीही दिली. बाझीने ईबेकडून केवळ अभिप्रायाचा आकडा घेतला असता तर ते येथे किती काळ टिकले असते याची शंका वाटते. विलेपार्ल्याच्या ग्राहक पंचायतीत जी जबाबदारी संघ घेई, तीच येथे नफ्यासाठी चाललेल्या कंपनीने पैसा हाती धरून घेतली. २००४ च्या जूनमध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलर्सना बाझी विकत घेण्याचे जाहीर केले. २००५ पासून संकेतस्थळ ईबे इंडिया या नावाने चालू लागले.

शनिवार ते सोमवार

या दोन घटनांच्या मध्ये जे घडले त्याने मध्यस्थाच्या जबाबदारीचा प्रश्न न्यायालयात नेला. शनिवार, २७ नोव्हेंबर २००४ रोजी संध्याकाळी एका विक्रेत्याने बाझीवर एक आक्षेपार्ह ध्वनिचित्रफीत १२५ रुपयांना विकावयास ठेवली. त्याच संध्याकाळी एका वापरकर्त्याने संकेतस्थळाला तशी सूचनाही दिली. ती जाहिरात काढली गेली सोमवारी, २९ नोव्हेंबरला सकाळी. दरम्यान आठ जणांनी ती विकत घेतली होती. १७ डिसेंबरला अवनीश बजाज यांना दिल्लीत अटक झाली. २१ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

त्या वेळच्या चर्चेचा बहुतेक भाग अटक योग्य की अयोग्य यावरच खर्च झाला. उद्योगक्षेत्राने निषेध केला, सरकारने कायद्याच्या पुनर्विचाराचे आश्वासन दिले. ग्राहकसंबंधाच्या इतिहासात मात्र शनिवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळ यांतील अंतर अधिक बोलके आहे. बाजार रात्रंदिवस, सातही दिवस उघडा होता. तक्रार ऐकणारी खिडकी मात्र कचेरीच्या वेळा पाळत होती. कोणताही वाणी दुकान उघडे ठेवून आठवड्याच्या शेवटी गल्ल्यावरून उठून जात नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने २९ मे २००८ रोजी दिलेल्या निकालात भारतीय दंड संहितेखालील आरोप बजाज यांच्यापुरते रद्द केले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खालील प्रकरण मात्र चालू राहिले. योग्य चाळणी न बसवता संकेतस्थळ चालवणारा धोका पत्करत असतो, असाही आशय त्या निकालात आहे. अखेर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीलाच आरोपी केलेले नसताना केवळ संचालकावर खटला चालवता येत नाही या मुद्द्यावर, उरलेले प्रकरणही संपवले. म्हणजे मूळ प्रश्न, मध्यस्थाने किती पाहावे आणि किती लवकर पाहावे, या निकालाने सुटला नाही. त्याचे उत्तर कायदेमंडळाकडून आले. २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेल्या सुधारित कलम ७९ ने योग्य दक्षता घेणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण दिले. २०११ च्या नियमांनी आक्षेपार्ह मजकुराबाबत ३६ तासांत कार्यवाही करण्याची आणि तक्रार अधिकारी नेमण्याची अट घातली. बाझीवरील ती जाहिरात सुमारे ३८ तास होती.

आकड्याची मर्यादा

अभिप्रायांचा आकडा किती बोलतो याविषयीही याच काळात शंका निर्माण झाली. रेझनिक आणि झेकहाउझर यांनी ईबेच्या १९९९ मधील व्यवहारांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. अर्ध्याहून थोड्या अधिक ग्राहकांनीच अभिप्राय दिले होते आणि त्यांतील ९९.१ टक्के अनुकूल होते. व्यवहारात एवढे समाधान कोठेच नसते. कारण असे होते की वाईट अभिप्राय देणाऱ्याला विक्रेताही उलट वाईट अभिप्राय देई, आणि आपलाच आकडा बिघडण्याच्या भीतीने ग्राहक गप्प बसे. उधारीच्या वहीने जे तोंड बंद केले होते ते सातासमुद्रापार, अगदी वेगळ्या यंत्रणेत, पुन्हा बंद झाले! मे २००८ पासून ईबेने विक्रेत्याला ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्यास बंदी केली. ग्राहकाची भीती गेली. त्याचबरोबर फसव्या ग्राहकाविरुद्ध बोलण्याचे विक्रेत्याचे साधनही गेले.

भारतीय ग्राहकाने या वादात स्वतःचा मार्ग काढला. २०१० साली फ्लिपकार्टने माल हाती आल्यावर रोख पैसे देण्याची सोय केली आणि ती वेगाने पसरली. अभिप्राय वाचण्यापेक्षा खोके हातात घेऊन मग पैसे देणे अनेकांना सोयीचे वाटले. व्ही.पी.पी.चेच हे नवे रूप होते. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली होती, तरी रोखीची ही आवड टिकून राहिली. ईबे इंडियाची पैसे अडकवून ठेवणारी व्यवस्था आता विशेष राहिली नाही. माल आपल्या गोदामातून पाठवणाऱ्या, परत घेणाऱ्या आणि सवलतींवर पाण्यासारखा पैसा खर्च करणाऱ्या नव्या कंपन्यांपुढे ती मागे पडत गेली.

दुकान बंद झाल्यावर

एप्रिल २०१७ मध्ये ईबेने फ्लिपकार्टमध्ये ५० कोटी डॉलर्स गुंतवले आणि आपला भारतातील व्यवसाय तिच्या हवाली केला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबे इंडियाचे संकेतस्थळ बंद झाले. अर्थवृत्तांत ही घटना कंपन्यांच्या सौद्याचे उपकथानक म्हणून आली. तेथे वर्षानुवर्षे व्यापार केलेल्या नाणी-तिकिटांच्या किंवा सुट्या भागांच्या लहान विक्रेत्याच्या दृष्टीने ती वेगळी होती. एकेका व्यवहाराने जमवलेले अभिप्राय ही त्याची बाजारातील पत होती. दुसऱ्या बाजारपेठेत त्याला शून्यापासून आरंभ करणे भाग होते, कारण एक बाजारपेठ दुसरीचा आकडा सहसा मानत नाही. पूर्वी दिवाळे दुकानदाराचे निघे आणि पत त्याची जाई. येथे विक्रेत्याचे काहीही चुकलेले नसताना गाळ्याच्या मालकाने बाजार बंद केला आणि भाडेकरूचा लौकिक गाळ्याबरोबर गेला.

हे केवळ ईबेपुरते नाही. गुणांकन ज्या सूत्राने होते ते सूत्र, अभिप्राय ठेवणे वा वगळणे, विक्रेत्याचे नाव शोधात वर की खाली दाखवणे, हे सारे मध्यस्थाच्या हाती असते. विक्रेता ज्याला 'माझे ग्राहक' म्हणतो त्यांचे पत्ते व पूर्वीच्या खरेदीच्या नोंदी मध्यस्थाकडे असतात. वाण्याची वही वाण्याच्या गल्ल्यात असे. ही वही दुसऱ्याच्या तिजोरीत आहे.

ग्राहकाच्या बाजूने कायदा पुढे सरकला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार कोठे दाखल करावी हे सामान्यतः विक्रेत्याच्या व्यवसायाचे ठिकाण किंवा दाव्याचे कारण घडलेले ठिकाण यांवर ठरत असे. दूरच्या शहरातील कंपनीकडून घरबसल्या खरेदी करणाऱ्याला यातून अधिकारक्षेत्राचे वाद सोसावे लागत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथेही तक्रार करण्याची मुभा दिली. त्यामुळे बोरिवली किंवा मुलुंडचा रहिवासी आता देशातील कोणत्याही ऑनलाइन विक्रेत्याविरुद्ध वांद्रे पूर्व येथील मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. पाठोपाठ २३ जुलै २०२० रोजी ई-व्यापाराचे नियम आले. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण एका महिन्यात आणि खोट्या नावाने अभिप्राय लिहिण्यास मनाई, ही त्यांतील मुख्य बंधने. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक प्रसिद्ध केले, ते स्वेच्छेने पाळावयाचे आहे.

विक्रेत्याच्या बाजूने असे काही घडलेले नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात माणसाला स्वतःची माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क देण्याची तरतूद होती. तिचा उपयोग लहान विक्रेत्याला आपल्या अभिप्रायांसाठी कितपत झाला असता हा वादाचा मुद्दा आहे. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि २०२३ साली संमत झालेल्या कायद्यात हा हक्क नाही.